चकाकीचं काय घेऊन बसलात

रात्री पार्किंगमध्ये मोबाईलचा टॉर्च लावून स्वतःच्या गाडीचं बॉनेट बघू नका असं मी ओळखीच्या लोकांना अगदी कळकळीने सांगत असतो, आणि सांगितल्यावर अर्थातच जो तो आधी तेच करतो. मग मेसेज येतो, अरे हे काय आहे! हे म्हणजे टॉर्चच्या उजेडाभोवती गोल गोल पडलेले बारीक ओरखडे, आणि गाडी काळी किंवा गडद निळी असेल तर ते बघवत नाहीत. टॉर्च डावीकडे सरकवा, वर्तुळं पण डावीकडे सरकतात. म्हणजे ओरखडे मुळात गोल नसतातच, ते वाट्टेल त्या दिशांना पडलेले असतात, त्यातले उजेडाशी ठराविक कोनात असलेले तेवढेच चमकतात आणि आपल्याला जाळं दिसतं. पांढऱ्या गाडीवर पण असतं बरं का, फक्त दिसत नाही, म्हणून पांढरीवाले सुखी.

आता हे केलं कोणी? पहिला संशय शेजारच्या पोरांच्या सायकलवर, मग मांजरावर. खरा गुन्हेगार रोज सकाळी आपल्याच हातात असतो, ते म्हणजे कोरडं फडकं. धुळीत वाळूचे कण असतात, वाळू म्हणजे बरीचशी क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ कुठल्याही गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कडक. ती धूळ कोरड्या फडक्याखाली धरून बॉनेटभर फिरवायची म्हणजे सगळ्यात बारीक पॉलिश पेपर मारण्यासारखंच आहे, आणि ते आपण प्रेमाने, रोज, वर्षानुवर्षं करतो. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त गंमत याचीच वाटते की गाडीच्या रंगाची सगळ्यात जास्त झीज ज्याला गाडीची काळजी आहे त्याच्याच हातून होते. आणि ती होते कारण आपण चकाकी आणि संरक्षण या दोन गोष्टी एकच समजतो. गाडी चमकतेय ना, मग रंग चांगला आहे. असं नसतं हो. कधीकधी तर बरोब्बर उलटं असतं.

त्यासाठी रंगाच्या आत जरा डोकवावं लागतं. कारखान्यात पत्र्याची नुसती बॉडी आधी धुतात, फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात आणि मग अख्खीच्या अख्खी रंगाच्या टाकीत बुडवून वीज सोडतात. विजेच्या ओढीने रंगाचे कण जिथे ब्रश किंवा स्प्रे कधीच पोचणार नाही अशा सांदीकोपऱ्यात जाऊन बसतात. हा इ-कोट. मग ती बॉडी भट्टीत जाते, साधारण १७०-१८० अंशांना. त्याच्यावर अस्तर म्हणजे प्रायमर, बऱ्याचदा राखाडी. त्यावर बेसकोट, म्हणजे आपली शेड. आणि सगळ्यात वर क्लिअरकोट, बिनरंगाचा, पारदर्शक. ह्या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला तर दोन केसांएवढी. त्यात शेडचा थर जेमतेम १५-२० मायक्रॉन. ज्या शेडवरून गाडी बुक करताना घरात दोन गट पडतात, अबोला होतो, ती शेड या सगळ्यात पातळ थरांपैकी एक, आणि पत्रा वाचवण्यात तिचा वाटा जवळपास नाहीच. पत्रा वाचवतो तो खालचा इ-कोट, ऊन झेलतो तो वरचा क्लिअर. मधली बाई नुसती मिरवायला.

पूर्वी हे असं नव्हतं. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात घोडागाडी रंगवायचे तसाच ब्रशने व्हार्निशचा हात मारायचा, वाळू द्यायचं, घासायचं, परत हात मारायचा, एका गाडीला काही आठवडे लागायचे. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळायची हे बहुतेकांना माहिती असतं, काळा स्वस्त होता आणि टिकाऊ होता. मग १९२३ मध्ये जनरल मोटर्सने ओकलंड नावाच्या गाडीवर ड्यूपाँ या रसायनांच्या कंपनीचा ड्युको वापरला, नायट्रोसेल्युलोजचा लॅकर, तासाभरात वाळणारा, स्प्रेने मारता येणारा, आणि तो पण निळा. तिथून गाड्यांना रंग आले म्हणायचे. पण ड्युको मारला की तो घासून घासून चमकवावा लागायचा, आणि मला वाटतं गाडी रगडून चमकवायची असते हे आपल्या डोक्यात तिथूनच कुठेतरी घुसलंय, आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून आपल्याकडे. त्या काळी वर क्लिअर नसायचा. पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागायचा आणि त्यात काही गैर नव्हतं, वरचा मेलेला थर निघून खालचा ताजा दिसायचा. आजच्या गाडीवर कंपाउंड (वरचा थर किंचित खरवडणारी पॉलिशची पेस्ट) मारताना फडक्याला शेड लागली तर ताबडतोब थांबायचं. एक तर गाडीला जुन्या पद्धतीचा एकच थर आहे (काही साध्या रंगांमध्ये अजूनही असतो), नाहीतर क्लिअर संपवून तुम्ही खाली पोचलाय.

आणि क्लिअर संपतो, हे डोक्यात पक्कं बसायला हवं. तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो, आणि त्यातच अल्ट्राव्हायोलेट किरण शोषणारी रसायनं मिसळलेली असतात. प्रत्येक बफिंगमध्ये त्यातले काही मायक्रॉन जातात, कारण ओरखडा घालवणे म्हणजे ओरखडा भरणे नव्हे, ओरखड्याच्या आजूबाजूचं सगळं त्याच्या तळापर्यंत खरवडून सपाट करणे. हे मुद्दल आहे, व्याज नाही. दर वाढदिवसाला गाडीला 'रबिंग-पॉलिश' करून आणणारे लोक मुद्दल खात असतात आणि गाडी किती चमकतेय बघा म्हणत असतात. पाच-सात वर्षांनी मग टपावर आणि बॉनेटवर, म्हणजे जिथे ऊन सरळ पडतं तिथे, पांढरट पापुद्रे सुटायला लागतात. ते क्लिअरचे पोपडे. त्याला जगात कुठलंही पॉलिश नाही आणि टच-अप (म्हणजे निघालेल्या जागी थेंबभर रंग भरणं) पण नाही, तो भाग घासून परत रंगवणं एवढाच इलाज. नुसत्या उन्हानेही होतं हे, वरचा हात मुळात पातळ बसला असेल तरी होतं, सगळं खापर बफिंगवर फोडायचं नाही. पण घाई आपण करून देतो.

बफिंगवाल्याच्या हातात गोल फिरणारं मशीन असेल तर बॉनेटच्या धारा, दाराच्या कडा, बॉडीची जी उठावदार रेघ असते ती, एवढ्या जागा नीट बघा. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा सगळा दाब तिथेच येतो. मी एका ठिकाणी एकदा गाडी दिली होती, परत आली तेव्हा आरसा. दोन-चार धुण्यांनंतर बघतो तर सगळं जाळं जसंच्या तसं हजर! ओरखडे काढलेच नव्हते, तेलकट ग्लेझ भरून झाकले होते. तेव्हा संतापलो होतो, आता विचार करतो की बरंच झालं बाबा, निदान क्लिअर तरी शिल्लक राहिला. पैसे गेले ते गेले.

धुण्याबद्दल फार लांबण लावत नाही कारण ते सगळ्यांना माहिती असतं आणि कोणी करत नाही. आधी नुसत्या पाण्याने धूळ-चिखल सोडवून घ्यायचा, मग हात लावायचा. दोन बादल्या, एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं, फडकं आधी साध्या पाण्यात खळबळून मग शॅम्पूत. वरून खाली यायचं, कारण सगळ्यात घाण खाली असते, आणि चाकांचं फडकं वेगळं. भांडी घासायच्या साबणाने वॅक्स निघून जातो म्हणून तो नको. फडकं खाली पडलं की ते त्या दिवसापुरतं बाद, झटकून परत वापरायचं नाही, हा नियम माझ्या घरात मीच पाळतो. उन्हात तापलेल्या गाडीवर पाणी मारायचं नाही, कारण थेंब वाळतो आणि पाण्यातले क्षार, कॅल्शियम मॅग्नेशियम वगैरे, गोल कड्याच्या रूपात मागे राहतात आणि मग ते हटत नाहीत. थेंबाचं भिंग होऊन रंग जळतो अशी एक गोष्ट लोक सांगतात, ती सोडून द्या, काम क्षारांचंच असतं. आणि हो, धुळकट गाडीवर कव्हर घालणारे लोक! वाऱ्याने कव्हर फडफडत राहतं आणि आतली धूळ रात्रभर रंगावर घासत राहतं. कव्हर घालायचं तर धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या गाडीवर घाला, नाहीतर ती उघडीच बरी.

एक प्रयोग मात्र जरूर करून बघा. गाडी धुवून पुसून झाली, अगदी स्वच्छ दिसतेय, की हाताला एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि बोटं हलकेच बॉनेटवरून फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. पिशवीमुळे बोट घसरतं आणि बारीक खडबड जाणवते. ती खडबड म्हणजे रंगात रुतून बसलेले कण, ब्रेकमधून उडालेली लोखंडाची बारीक पूड, हवेतली कारखान्यांची घाण, कुठे झाडाचा चीक. लोखंडासाठी एक फवारा मिळतो, तो मारला की दोन-तीन मिनिटांत गाडीवरून जांभळे ओघळ यायला लागतात. पांढऱ्या गाडीवर हे दृश्य पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण ते रसायन लोखंडाशी मिळून जांभळं होतंय एवढंच, रंगाला काही होत नाही. उरलेल्यासाठी क्ले, म्हणजे चिकणमातीसारखा गोळा, साबणाचं पाणी मारून हलक्या हाताने फिरवायचा, दर थोड्या वेळाने घडी घालून नवा भाग वर काढायचा. तो पण जमिनीवर पडला की फेकायचा. वर्षातून एखाद्या वेळी पुरे, उगाच दर रविवारी क्ले घेऊन बसायचं नाही, त्यानेही बारीक ओरखडे पडतात.

पक्ष्यांच्या शिटेबद्दल मात्र जरा बोलायचंय. सगळ्यांचा समज असा की ती ॲसिडिक असते, रंग खाते, संपलं. असते, त्यातला पांढरा भाग म्हणजे युरिक ॲसिडच. पण अर्धं काम ऊन करतं. तापलेल्या बॉनेटवर क्लिअर मऊ होतो आणि किंचित फुगतो, वरची शीट वाळून कडक झालेली असते, संध्याकाळी पत्रा गार झाला की क्लिअर आक्रसतो आणि त्या कडक खपलीच्या खाली तिच्याच आकारात घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी शीट निघते पण तिथे उजेड सरळ परत येत नाही, म्हणून डाग मंद दिसतो, घासा नाहीतर काही करा. म्हणजे घाई आहे ती खरी उन्हाची, ढगाळ दिवशी तासाभराने काही बिघडत नाही. आणि काढताना पुसायचं नाही, शिटेत वाळू-खडे असतात. ओला टिश्यू त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवून द्या, भिजली की टिश्यूसकट उचलून घ्या. माझ्या गाडीत पाण्याची बाटली आणि टिश्यूचा डबा फक्त ह्याच कामासाठी असतो आणि घरचे त्यावर जे बोलायचं ते बोलून झालेत. किड्यांचंही असंच, वेगात गाडी चालवून आलं की बंपरवर आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर जो चिकटा झालेला असतो तो त्याच दिवशी भिजवून काढला तर निघतो.

वॅक्स, सिलंट (वॅक्सचाच कृत्रिम भाऊ), सिरॅमिक, फिल्म. यावर लोक तावातावाने भांडतात म्हणून माझं मत सांगून टाकतो. वॅक्स लावायला मला आवडतो, कार्नोबा नावाचा जो असतो तो ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावरचा मेण, लावला की गडद रंगाला एक खोली येते, पण काही आठवड्यांत उडून जातो. हौसेला मोल नाही, एवढंच त्याचं समर्थन. सिरॅमिक कोटिंग टिकतं जास्त, धुणं सोपं करतं, घाण कमी धरतं, हे खरं. पण ते मायक्रॉन-दोन मायक्रॉन जाडीचं असतं, त्याने उडालेला खडा थांबत नाही. त्याच्या डब्यावर ९एच लिहिलेलं असतं, ते बघून लोकांना वाटतं हिऱ्याच्या जवळपास काहीतरी कडक बसवलंय. ते ९एच पेन्सिलचं आहे! वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली रंगावर ओढून बघायची एक चाचणी असते, त्यातली सगळ्यात कडक पेन्सिल ओढून ओरखडा पडला नाही एवढाच त्याचा अर्थ. वाळूचा कण पेन्सिल नसतो. आणि पाण्याचे गोल मणी घरंगळताना बघून जो आनंद होतो तो मलाही होतो, पण मणी म्हणजे संरक्षण नव्हे, उलट मणी जागेवरच वाळले तर क्षारांचे डाग तेवढेच ठळक पडतात.

खडा थांबवणारी गोष्ट एकच, पारदर्शक युरेथेनची फिल्म. ती मुळात व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि उडणाऱ्या बारीक खड्यांपासून वाचवायला निघाली, थ्रीएम या अमेरिकन कंपनीने बनवली होती. आज जी गाड्यांना लावतात ती साधारण १५० ते २०० मायक्रॉनची असते, म्हणजे ज्या रंगाला वाचवायचंय त्या सगळ्या थरांपेक्षा जाड. बारीक ओरखडे उन्हाच्या उबेने तिच्यात आपोआप मिटतात. परवडत असलं तरी अख्ख्या गाडीला लावायची काही गरज नाही, बॉनेटची पुढची कड, समोरचा बंपर, आरशांची पाठ आणि मागच्या चाकांच्या पुढचा भाग, खडे तिथेच लागतात. फक्त लावणारा माणूस फिल्म गाडीवर ठेवून ब्लेडने कापतो की आधी कापून आणतो हे विचारून घ्या. गाडीवर कापणाऱ्याचा हात हलका नसेल तर फिल्मखाली रंगात ब्लेडची रेघ कायमची राहते, आणि ती रेघ म्हणजे गंजाला आयतं आमंत्रण.

आता मुद्द्याचं, टवका.

पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा सुटतो, टक्क असा आवाज येतो आणि आपण काचेकडे बघतो, काच शाबूत असते, आपण विसरतो. तो बॉनेटवर लागलेला असतो. एखादं भिंग असेल तर असा टवका जवळून बघण्यासारखा असतो. वरून खाली पायऱ्या दिसतात. बाहेरची कड क्लिअरची, काचेसारखी तुटलेली. तिच्या आत शेडची अगदी बारीक रेघ. मग अस्तराचं राखाडी कडं. आणि मधोमध एकतर इ-कोट शाबूत असतो, नाहीतर पत्र्याचा चकाकता ठिपका, आणि महिनाभर तसाच सोडला असेल तर तोच ठिपका तपकिरी झालेला. या मधल्या ठिपक्यावर सगळं ठरतं. राखाडीपर्यंतच गेलं असेल तर सवडीने करा. पत्रा दिसत असेल तर लगेच करा. हल्लीच्या बहुतेक पत्र्यांना जस्ताचा मुलामा असतो, तो आधी स्वतः झिजून लोखंडाला काही काळ वाचवतो, पण काही काळच. एकदा गंज धरला की गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो शेजारचा चांगला रंग खालून उचलतो, फोड येतो, फोड फुटतो, पाणी आणखी आत जातं. वर बघावं तर गाडी चकाचक आणि फोडाखाली बोट घातलं तर पत्रा भुगा, वरून कीर्तन आतून तमाशा. बॉनेट ॲल्युमिनियमचं असेल तर तांबूस गंज येत नाही, पण तिथेही रंगाखाली पांढरी भुकटी धरते आणि फोड येतातच.

म्हणून टच-अप कशासाठी करायचं हे आधी मनाशी ठरवायचं. डाग दिसू नये म्हणून की पत्रा बंद व्हावा म्हणून? मी पत्रा बंद करायला करतो. दिसला तर दिसला. हे एकदा पटलं की हात थरथरायचा थांबतो, खरंच सांगतो. नव्वद टक्के टच-अप बिघडतात ते दिसू नये या हट्टापायी, कारण मग माणूस टवका भरून थांबत नाही, आजूबाजूला पण फासतो.

आधी ओरखडा आणि टवका यात फरक करा. ओरखड्यावर बोट ओलं करून फिरवा, ओला असताना दिसेनासा झाला तर तो क्लिअरमध्येच आहे, पॉलिशने मऊ होईल किंवा तसाच सोडा. नख अडकलं तर पॉलिशचं काम नाही. आणि बंपरवरचा भलामोठा पांढरा ओरखडा हा बऱ्याचदा ओरखडा नसतोच, खांबाचा किंवा दुसऱ्या गाडीचा रंग आपल्याला लागलेला असतो, फडक्यावर जरासं कंपाउंड घेऊन चोळलं की अर्धाअधिक निघून जातो आणि माणूस उगाचच दिवसभर खुश राहतो. टूथपेस्टचा जो उपाय सगळीकडे फिरतो तो याच प्रकारात चालतो, टूथपेस्ट पण एक सौम्य कंपाउंडच आहे, टवका ती भरत नाही.

रंगाचा कोड ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटच्या आत एखाद्या स्टिकरवर असतो. नावावर जाऊ नका, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या 'सिल्व्हर' वेगळ्या असतात, टच-अपच्या रंगाची बाटली घेताना कोडच द्या. कोड जुळला तरी रंग जुळेलच असं नाही, उन्हाने तुमची गाडी बदललीये, बाटली नवी आहे, शिवाय एकाच कोडच्या थोड्या थोड्या वेगळ्या छटा निघतात. एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर ठिपका लावा, पूर्ण वाळू द्या, कारण ओला रंग खोटं बोलतो, आणि तुकडा टवक्याशेजारी धरून बघा. उजेड बाहेरचा हवा. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेली शेड उन्हात वेगळी पडते.

मग दिवस निवडा, कडक ऊन नको आणि दमट हवा तर अजिबात नको, दमटपणात लॅकर वाळताना ओल धरतो आणि दुधाळ होतो. जागा धुवा, वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा म्हणजे वॅक्स-तेल निघेल, नाहीतर रंग धरतच नाही. टवक्याच्या कडेला सुटलेला रंग टूथपिकने उचकटून काढा, जे सुटतंय ते आत्ताच सुटू दे. गंज असेल तर पेन्सिलीच्या बोथट टोकाला पॉलिश पेपरचा एवढासा तुकडा चिकटवून तेवढाच ठिपका घासा, पत्रा स्वच्छ चमकेपर्यंत. इथे आळस केला तर पुढचं सगळं फुकट, गंजावर रंग म्हणजे नुसतं झाकण. पत्रा दिसत असेल तिथे प्रायमरचा एक थेंब. वाळू द्या.

आणि बाटलीच्या झाकणाला जो ब्रश येतो तो विसरून जा. तो ब्रश नखं रंगवायला बरा. टूथपिकचं टोक बुडवा, थेंब टवक्याच्या मधोमध ठेवा आणि टूथपिक उचला. रंग आपोआप कडेपर्यंत पसरतो आणि कड आली की थांबतो, हे बघायला फार छान वाटतं. तेवढंच. ओढायचं नाही, सारवायचं नाही. थोड्या वेळाने बघाल तर खड्डा परत दिसेल, कारण पातळ करायचं द्रव्य उडून जातं आणि रंग खाली बसतो. परत एक थेंब. घाईने एकच मोठा थेंब ठेवला तर वरून साय धरते आणि आत ओलं राहतं. रंग पातळीच्या किंचित खाली ठेवून वर क्लिअरचा थेंब, तो जरासा फुगीर. मग आठवडाभर त्याला विसरा, निदान हात लावू नका. त्यानंतर तो फुगवटा २००० किंवा ३००० नंबरच्या पाणी-पेपरने सपाट करतात आणि वर पॉलिश करतात, काम सुंदर दिसतं, पण खरं सांगू? मी फुगवटा तसाच ठेवतो. तो घासताना बाजूचा चांगला क्लिअर पण घासला जातो, आणि आपण मुळात पत्रा बंद करायला बसलो होतो. ते झालं.

साधा लाल, साधा पांढरा, काळा, यांना हे छान जमतं. मेटॅलिकवाल्यांनी अपेक्षा आवरायच्या. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक चपटे कण असतात, स्प्रेने मारताना ते आडवे झोपतात आणि उजेड सरळ परत देतात. टूथपिकच्या थेंबात ते वाट्टेल तसे वाकडेतिकडे बसतात, म्हणून समोरून जुळलेला ठिपका बाजूने वेगळाच दिसतो. बाटली चुकीची नाही, हात चुकीचा नाही, कण झोपले नाहीत एवढंच. मोत्यासारख्या पांढऱ्याचं आणखी अवघड, तिथे अभ्रकाचा एक वेगळा थर असतो. आणि मॅट फिनिशच्या गाडीवर तर हात लावायचाच नाही, पॉलिश केलं की तेवढीच जागा चकाकते आणि मॅट परत येत नाही.

बंपरवरचे टवके मी हल्ली करतच नाही. बंपर प्लॅस्टिकचा, गंजणार कुठून? बंपरची शेड बऱ्याच गाड्यांत मुळातच बॉडीपेक्षा किंचित वेगळी असते, प्लॅस्टिकचे भाग बहुतेकदा वेगळे रंगवतात, एकदा दिसली की मग कायम दिसते, त्यामुळे सांगून मी तुमचा दिवस खराब करतोय याची कल्पना आहे.

लांब ओरखडा असेल, चावीने ओढल्यासारखा, तर मात्र पेंटरकडे जावं लागतं. डब्यातला टू-के (म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारा) क्लिअर घरी मारण्याच्या फंदात पडू नका, त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साध्या मास्कने ते अडत नाही आणि फुप्फुसांना कायमचं लागू शकतं. चांगला पेंटर दार रंगवताना शेजारच्या पॅनेलवरही शेड थोडी थोडी विरवत नेतो, म्हणजे कुठे एक संपलं आणि दुसरं सुरू झालं ते कळत नाही. तुम्ही म्हणता ओरखडा दारावर आहे, फेंडरला का हात लावला, तर म्हणून. पण त्याची भट्टी कारखान्यासारखी नसते. तयार गाडीत रबर, वायरिंग, प्लॅस्टिक सगळं असतं, म्हणून ती साधारण ६० अंशांपर्यंतच तापवतात. रंगही त्यासाठी वेगळा बनवलेला असतो, चांगला असतो, तरी नव्या पॅनेलला महिनाभर वॅक्स लावू नका असं सांगतात ते त्याला आतून पूर्ण सुकायला वेळ हवा म्हणूनच.

आणि गाडी विकायला काढाल तेव्हा जाणता गिऱ्हाईक जाडी मोजायचं छोटं यंत्र घेऊन येतो, पॅनेलवर टेकवलं की मायक्रॉनचा आकडा दाखवतं. मूळ रंग १२० च्या आसपास, परत रंगवलेलं दार २५०-३००, आणि खाली लांबी (पोचे भरायची पुट्टी) भरलेली असेल तर हजाराच्या पुढे. एका टवक्यासाठी अख्खं दार रंगवून घेतलेल्या माणसाला मग सांगत बसावं लागतं की नाही हो, ॲक्सिडेंट नव्हता, नुसता खडा लागला होता. कोणी विश्वास ठेवत नाही. टूथपिकचे ठिपके असलेल्या दाराचा आकडा मात्र ठिपका सोडून सगळीकडे १२०च येतो, आणि तो ठिपका काय आहे ते गिऱ्हाइकाला न सांगता कळतं.